व्हाळाची वीज

पहाटे साडेपाच. रात्रभर पडलेला पाऊस थांबलाय, पण झाडांवरून ठिबक चालू आहे आणि मागून व्हाळाचा, म्हणजे ओढ्याचा, एकसारखा आवाज येतोय. दोडामार्ग तालुक्यातलं, घाटाच्या पायथ्याचं हे घर. विजेचा शेवटचा खांब खालच्या वाडीत थांबतो. तिथून वर रान, दोन व्हाळ आणि छातीवरची चढण. छपरावर एक सौर पॅनेल आहे. उन्हाळ्यात त्याच्यावर पंखासुद्धा चालतो. जून ते सप्टेंबर मात्र त्याचा दिवा रात्री नऊलाच मंद होतो, आणि या घरातली मुलगी यंदा दहावीला आहे. खांब असलेल्या वाडीतही पावसाळ्यात फारसं निराळं नसतं. फांदी तारेवर पडली की दोन-दोन दिवस अंधार. कोकणात विजेची सगळ्यात जास्त ओढाताण होते ती याच चार महिन्यांत, आणि नेमकं तेव्हाच घरामागून पाणी धो-धो वाहून जात असतं.

माझा मोटारी वाइंडिंगचा धंदा, दुकान कुडाळला. पण अशा घरांसाठी छोटे जलविद्युत संच बांधण्याची मला खरी ओढ आहे, ती या हिशेबामुळे. पॅनेल थकतं त्या दिवसांत व्हाळ भरलेला असतो. ही जोड जमवली तर घर वर्षभर उजेडात राहतं. आज इथला संच चालू करायचा आहे.

सात वाजता तात्यांबरोबर वर बांधाकडे. तात्या या घरातले थोरले, बागेच्या पाटाचं पाणी चाळीसेक वर्षं त्यांनीच राखलं आहे. पाऊस सरला की दगड, माती आणि पाला घालून व्हाळ अडवायचा, पाट काढायचा आणि पोफळींपर्यंत पाणी न्यायचं, हे काम इकडे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. त्यामुळे बांध कुठे घालायचा हे मी ठरवलं नाही, त्यांनी दाखवलं. कातळाच्या दोन खांद्यांमधली अरुंद जागा. तिथे एप्रिलमध्ये आम्ही गुडघाभर उंचीचा दगड-सिमेंटचा बांध घातला. पूर आला तर तो वरून निघून जातो, बांधाला त्याच्याशी झुंजावं लागत नाही. पाणी घ्यायचं तोंड बाजूला आहे, प्रवाहाच्या समोर नाही. त्यामुळे वाहून येणारे ओंडके आणि गोटे सरळ पुढे जातात.

आज आधी जाळी बघितली. कुंभ्याची पानं, शेवाळ, काटक्या. जाळी उभी न लावता तिरकी लावली आहे, म्हणजे पानं तिच्यावर साचत नाहीत, पाण्याच्या रेट्याने घसरून खाली पडतात. तरी हाताने रोज एकदा साफ करावीच लागते. घरच्या जलविद्युत संचाचं रोजचं काम असतं ते इथलं, जनित्राकडचं नव्हे. जाळीनंतर गाळटाकी. पाणी तिथे संथ होतं आणि रेती तळाला बसते. ही टाकी टाळायचा मोह अनेकांना होतो. पण जोरात सुटलेल्या पाण्यातली रेती पितळेला कानशीसारखी खाते, आणि दोन पावसाळ्यांत चक्राच्या धारा बोथट होतात.

"आज पाणी बरा आसा," तात्या म्हणाले. पाणी खरंच भरपूर होतं. पण पावसातलं पाणी बघून संच बांधायचा नसतो. मी माप घेतलं ते जानेवारीत. सगळा प्रवाह पोफळीच्या पन्हळीतून २० लिटरच्या बादलीत सोडला, तर बादली साडेतीन सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला सुमारे पावणेसहा लिटर. त्यातलं ४ लिटर आम्ही घेतो, बाकीचं व्हाळात राहू देतो. खेकडे, मासे, बेडूक, पाण्याकाठची झाडं यांचा त्या पाण्यावर आपल्याआधीचा हक्क आहे, आणि हे मी फार गांभीर्याने म्हणतो. व्हाळ कोरडा करून पेटवलेला दिवा मला नको.

साडेआठ ते साडेदहा पाइप. विजेचा सगळा हिशेब दोन गोष्टींवर असतो, पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडतं. लोक फक्त पाण्याकडे बघतात. तात्यांनाही आधी वाटलं होतं की खालचा मोठा डोह चांगला, तिथे पाणी मुबलक. पण डोहात उतार नाही आणि उताराशिवाय वीज नाही. इथे गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल नळीने टप्प्याटप्प्याने मोजलं तेव्हा बांधापासून खालच्या सपाटीपर्यंत २१ मीटर भरले. अंतर ९५ मीटर. सेकंदाला ४ लिटर, २१ मीटर आणि गुरुत्वाचे ९.८१ यांचा गुणाकार केला की पाण्यातली ताकद वॅटमध्ये मिळते, आठशेच्या थोडी वर. ती सगळी हाती लागत नाही. घर्षणात, चक्रात आणि जनित्रात मिळून अर्ध्याहून जास्त जाते. आम्ही धरले आहेत सुमारे ३३० वॅट.

घर्षणावर मी कधी तडजोड करत नाही, कारण ते एकदा पाइपात शिरलं की कायमचं राहतं. इथे ९० मिलिमीटरचा काळा एचडीपीई पाइप टाकला आहे. त्यात एक मीटरच्या आत-बाहेर उंची वाया जाते. ६३ मिलिमीटरचा घेतला असता तर पैसे बरेच वाचले असते, आणि २१ पैकी साडेचार-पाच मीटर घर्षणात गेले असते. एकदाच वाचवलेल्या पैशासाठी पुढची वीस वर्षं पाचवा हिस्सा वीज सोडून द्यायची, हा सौदा मी कुणालाच करू देत नाही.

पाइपाच्या वरच्या तोंडाशी हवेची एक उभी नळी आहे. जाळी अचानक तुंबली आणि खालचं पाणी निघून गेलं तर आत पोकळी होते आणि पाइप चपटा होऊ शकतो. ही नळी तेव्हा आत हवा सोडते. आज नोझल जोडायच्या आधी खालचं तोंड मोकळं ठेवून पाइप भरून वाहू दिला. पहिल्यांदा माती आली, मग सांध्यांच्या कामातला भुसा आणि एक मेलेला खेकडा, आणि मग स्वच्छ पाणी. त्यानंतर व्हॉल्व बंद करून दाबाचं घड्याळ बघितलं. काटा २.१ वर. दहा मीटर पाण्याला एक किलो दाब, म्हणजे लेव्हल नळीचा आकडा आणि घड्याळाचा आकडा जुळला. दोन वेगळ्या रीतींनी एकच माप निघालं की मनातली धाकधूक जाते.

अकरा. यंत्रघर. नाव मोठं आहे, जागा चार फूट बाय पाच फूट, वर पत्रा, खाली पुराच्या रेषेच्या वर घातलेला सिमेंटचा चौथरा. आजच्या दिवसातलं मला सगळ्यात आवडणारं काम इथलं. चक्र बसवायचं.

चक्र पेल्टन जातीचं. लेस्टर पेल्टन हा कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत वावरलेला माणूस. त्याच्या या चक्राचं पेटंट १८८० चं. त्याची हुशारी वाटीच्या आकारात आहे. कडेला वाट्या लावलेली चक्रं आधीही होती. पेल्टनने एका वाटीच्या दोन केल्या आणि मधे धारदार कणा ठेवला. पाण्याची धार त्या कण्यावर आदळते, दोन बाजूंना दुभंगते, वाटीच्या आतून जवळजवळ उलट फिरते आणि बाहेर पडते. वाटीचा वेग धारेच्या वेगाच्या जवळपास निम्मा असेल तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात वेग उरतच नाही, ते नुसतं खाली गळतं. म्हणजे त्यातली ताकद चक्राने घेतली. खोपोलीला १९१५ मध्ये टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाट उतरून ज्या चक्रांवर पडलं तीही याच जातीची. तिथे उंची पाचशे मीटरच्या घरात, इथे २१. तत्त्वात मात्र तसूभर फरक नाही.

आमचं चक्र पितळी, कोल्हापूरला ओतवून आणलेलं, कणे मी दुकानात कानशीने घासून धारदार केलेले. त्याचा व्यास वाट्यांच्या मध्यावर ११० मिलिमीटर. हा आकडा मोटारीवरून आला. इथे वापरलेली साधी चार पोलची मोटार जनित्र म्हणून चालवताना मिनिटाला दीड हजार फेऱ्यांच्या थोडं वर फिरवावी लागते. २० मीटरच्या दाबाने धार सेकंदाला १९ मीटरच्या आसपास सुटते, वाटी तिच्या निम्म्याहून किंचित कमी वेगाने जायला हवी, त्यावरून घेर ठरतो. असं जमवलं की चक्र सरळ मोटारीच्या शाफ्टवर बसतं. पट्टा नाही, पुली नाही, म्हणून रात्रीतून पट्टा घसरण्याची भीतीही नाही. एवढ्या छोट्या चक्राला एक जाड धार मानवत नाही, म्हणून साडेअकरा मिलिमीटरच्या दोन नोझल. त्यांचा नेम धरणं आज दीड तास चाललं. धारेचा मध्य कण्यावर यायला हवा, एक मिलिमीटरही इकडे-तिकडे नको.

एक वाजता पेज, कुळथाची पिठी आणि तळलेले बांगडे. जेवताना बिलगावचा विषय निघाला, तो मीच काढतो. महाराष्ट्रात या कामाबद्दल बोलायचं तर नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातलं बिलगाव विसरून चालणार नाही. उदई नदीच्या धबधब्यावर २००३ मध्ये तिथल्या आदिवासी गावकऱ्यांनी श्रमदान करून १५ किलोवॅटचा संच उभा केला. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे तरुण अभियंते आणि नर्मदा बचाव आंदोलन सोबत होतं. ज्या पाड्यांवर तार कधी पोचली नव्हती तिथे दिवे लागले. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचं पाणी चढलं आणि तो संच बुडाला. 'स्वदेस' सिनेमात गावकरी पाण्यावर वीज करतात तो प्रसंग पुष्कळांना आठवतो, बिलगाव आठवणारे थोडे. मला ती हकिगत प्रत्येक घरात सांगावीशी वाटते, कारण तिथल्या लोकांनी दगड वाहिले, पाट खणला आणि संच चालवायलाही शिकले. डोंगरातला माणूस हे करू शकतो का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर बिलगाव आहे.

अडीच. आता माझं नेहमीचं काम, तारा. जनित्र म्हणून एक हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार वापरली आहे. लोकांना नवल वाटतं की मोटार वीज खाते, ती देणार कशी? तिला तिच्या ठरलेल्या वेगापेक्षा जोरात फिरवा आणि कॅपॅसिटर जोडा, ती वीज द्यायला लागते. लोखंडात उरलेल्या अगदी थोड्या चुंबकत्वापासून सुरुवात होते आणि कॅपॅसिटर ते वाढवत नेतो. या मोटारीत स्टारचा सांधा आतच बांधलेला होता. दुकानात तो उघडून सहाही टोकं बाहेर काढली आणि डेल्टात जोडली. दोन कॅपॅसिटर, एकाच्या दुप्पट दुसरा, म्हणजे थ्री फेज मोटारीतून घरगुती सिंगल फेज २३० व्होल्ट मिळतात. मोठा कॅपॅसिटर कुठल्या फेजला हे फिरण्याच्या दिशेवर ठरतं. उलट जोडला तर मोटार थरथरते आणि तापते. म्हणून दिशेचा बाण मी चौथऱ्यावर रंगाने काढून ठेवतो.

कुणी म्हणतं, बारा व्होल्टची गाडीची बॅटरी भरा, सोपं पडेल. यंत्रघरापासून घर १२० मीटर दूर आहे. ३३० वॅट बारा व्होल्टने न्यायचे तर २७ अँपिअर लागतील आणि फार जाड, महागडी तार टाकावी लागेल, नाहीतर बरीचशी वीज वाटेतच जाईल. २३० व्होल्टला दीड अँपिअरसुद्धा लागत नाही. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये दोन-अडीच व्होल्ट पडतात, बस्स. अर्थिंगसाठी ओल्या जागी खड्डा घेतला आणि यंत्रघराचा सगळा लोखंडी सांगाडा त्याला जोडला. घरात विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा ईएलसीबी. पाणी आणि वीज एका खोलीत असताना यात काटकसर करणारा माणूस मला आवडत नाही. परतीच्या पावसात इकडे विजा फार पडतात, त्यासाठी केबलच्या दोन्ही टोकांना सर्ज अरेस्टर.

चार वाजून दहा मिनिटं. घरातले सगळे यंत्रघरापाशी. घराकडचा स्विच बंद, जनित्रावर काहीच भार नाही. व्हॉल्व सावकाश उघडला. चक्राचा आवाज आधी खरखरीत, मग वर चढत चढत एका सुरात स्थिर. मीटरवर शून्य. घरातल्या काकींचा चेहरा पडला, पण हे व्हायचंच होतं. मोटार महिनाभर पडून होती, लोखंडातलं चुंबकत्व उडालं होतं. पाणी बंद केलं, चक्र थांबू दिलं, बारा व्होल्टच्या बॅटरीच्या तारा वाइंडिंगच्या दोन टोकांना क्षणभर लावल्या आणि काढल्या. पुन्हा पाणी. काटा थरथरला, वीस, साठ, आणि मग एका दमात २३० च्या पुढे.

लगेच खाली वाकून चक्रातून पडणारं पाणी बघितलं. मीटरपेक्षा माझा भरवसा त्यावर जास्त. पाणी उडत नव्हतं, सरळ खाली गळत होतं. चालताना दाब २.० किलो. सगळा भार टाकल्यावर ३३५ वॅट.

ते पाणी यंत्रघरातून बाहेर पडून पाटाला मिळतं. "पोफळींक पाणी कमी पडूचा नाय ना?" काकींनी विचारलं, आणि हा प्रश्न खालच्या बागेचे वाटेकरीही विचारणार होते. थेंबभरही कमी पडणार नाही. चक्र पाण्याची उंची घेतं, पाणी घेत नाही. पाटाची पाळी पूर्वी होती तशीच राहील.

साडेपाच. घरात चाचणी. या संचाचा कणा म्हणजे लोड कंट्रोलर. पाणी सारखंच येतं, म्हणून वीजही सारखीच होते, घरात दिवे लागोत न लागोत. भार अचानक निघून गेला तर चक्र भन्नाट सुटेल, व्होल्टेज चढेल आणि जे जोडलेलं असेल ते जळेल. कंट्रोलर घरात न लागणारी वीज क्षणात गरम पाण्याच्या कॉइलकडे वळवतो, त्यामुळे जनित्रावरचा एकूण भार कायम राहतो. कॉइल न्हाणीघरातल्या शंभर लिटरच्या पिंपात. रात्रभरात ते पाणी वीसेक अंशांनी तापू शकतं. चूल पेटवून आंघोळीचं पाणी तापवायला जी लाकडं लागत, त्यातली बरीच आता वाचतील.

"मिक्सर चलतलो काय, मेस्त्री?"

नाही. हे मी स्पष्ट सांगतो, आणि नुसतं सांगून भागत नाही. मुद्दाम ५०० वॅटचा हॅलोजन जोडून दाखवला. व्होल्टेज एकदम कोसळलं आणि सगळं बंद पडलं. हॅलोजन काढल्यावर थोड्या वेळाने पुन्हा उभं राहिलं. घरच्यांनी हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पाहुण्यांनी इस्त्री लावायचा आग्रह धरला तरी ते ठामपणे नाही म्हणतात. मिक्सरसाठी पुढे बॅटरी आणि इन्व्हर्टर जोडता येईल. दिवसभरात मिळून इथे पावणेआठ-आठ युनिट वीज तयार होते. नऊ वॅटचे सहा दिवे, टीव्ही, दोन पंखे, मोबाइल यांना त्यातला लहानसा वाटा पुरतो. एका वेळी थोडी, पण चोवीस तास न थांबता, ही या विजेची जात आहे आणि घराने तिच्याप्रमाणे वागायला शिकायचं.

सात वाजता बाहेर पुन्हा पाऊस. पॅनेलचा मीटर दुपारपासून शून्याजवळ होता. मुलगी नव्या दिव्याखाली भूमितीची वही घेऊन बसली. तिला मी दुसरीही एक वही दिली. रोज सकाळी दाबाचा आकडा, व्होल्टेज आणि वॅट लिहायचे. दाब दोनच्या खाली आला तर जाळी तुंबली किंवा गाळटाकी भरली. दाब वाढला आणि वॅट कमी झाले तर नोझलमध्ये काहीतरी अडकलं. तिला हे एकदाच सांगावं लागलं. मग तिनेच विचारलं की मार्चमध्ये पाणी निम्मं झालं तर काय? एक नोझल बंद करायची. दोन ठेवण्याचा हा दुसरा फायदा. शंभर-सव्वाशे वॅट तेव्हाही मिळतील. मेपर्यंत व्हाळ आटला तर चक्र थांबवायचं, बेअरिंगला ग्रीस भरायचं आणि पॅनेलवर राहायचं.

रात्री नऊ. तात्या विचारतात, "रात्री ह्या बंद करूचा काय?" गरज नाही, चालू राहू द्या. कधी बंद करायची वेळ आली तर व्हॉल्व सावकाश फिरवा, पुरं मिनिटभर घ्या. ९५ मीटर पाइपातलं वाहतं पाणी एकदम अडवलं तर त्याचा दणका सांधे उखडू शकतो. त्यांनी अंधारात जाऊन दोनदा करून बघितलं.

खालच्या वाडीतले दोघे उजेड बघून वर आले होते. त्यांच्या घरामागेही व्हाळ आहे, पाणी याच्यापेक्षा जास्त, पण उतार सहा मीटरांचा. तिथे हे चक्र चालणार नाही. तेवढ्या उंचीला साधा पाण्याचा पंप उलटा फिरवून बघता येईल, आणि त्याचा हिशेब वेगळा. कुठला पंप, किती पाइप, काय खर्च, सगळं आत्ताच सांगा असा त्यांचा आग्रह होता. मी म्हटलं, आधी माप. जानेवारीत बादली आणि लेव्हल नळी घेऊन येतो, तोवर तुम्ही पाटाच्या वाटेकऱ्यांशी बोलून घ्या.